ओरडणाऱ्याचा पत्ता

"मग कोड खोटं बोलतो असं म्हणायचं का, मास्तर?"

इलाही मास्तर दर्ग्याच्या पायरीवर बसून धूपदाणीतली राख काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण खोटं बोलतो?"

"कोड. गाडीच्या कॉम्प्युटरनं सांगितलेला बिघाड."

"काय सांगितलं त्यानं?"

"हवा जास्त, पेट्रोल कमी. मिश्रण पातळ."

"मग तू काय केलंस?"

"ऑक्सिजन सेन्सर बदलला. कोड पुसला. दिवा विझला."

"आणि?"

तेजपाल मगदूम पायरीच्या कडेला टेकला.

"आणि परत लागला," तो म्हणाला. "परत नवा सेन्सर घातला. परत पुसला. आणि मग..."



घाटावरच्या शहरात तेजपालचं मोठं गॅरेज होतं. इलाही मुजावर तिथल्याच तंत्रशाळेत मोटार मेकॅनिकचे मास्तर होते. जिल्ह्यात गाडीचा कोड वाचणारा पहिला स्कॅनर आला तेव्हा त्याच्या नळीसारख्या जाड वायरीचं टोक डॅशबोर्डखाली कुठं लावायचं हे त्यांनीच पोरांना दाखवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते घाटाखाली धामणवाडीला, आपल्या वाडवडलांच्या दर्ग्यात दिवाबत्ती करायला परत आले.

तेजपाल त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. ते स्वतःच तसं सांगत.

तेजपाललाही ते ठाऊक होतं. गाडी दारात आली की तो बॉनेट उघडायच्या आधी स्कॅनर लावायचा, पडद्याकडे एकदा बघायचा आणि पोरांना सांगायचा, हे काढा, ते घाला. गिऱ्हाईक चहा संपवेपर्यंत गाडी तयार. लोक लांबून बघायला येत. त्याला ते आवडायचं.

धामणवाडीची रुग्णगाडी तो फुकट बघायचा. ही एक जुनी, पेट्रोलवरची मोठी गाडी. कुणीतरी गावाला देणगी दिलेली. मागच्या सीटा काढून तिच्यात स्ट्रेचर बसवलं होतं. खालच्या वाड्यांना दवाखाना होता तो घाट चढून वर. मध्ये दुसरं काही नाही.

आणि त्या गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता.

"मग काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

झालं ते मास्तरांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं.

तेजपालनं सांगितलं.

गोताडांच्या मंजिरीला शेताच्या बांधावर घोणस चावली. अनाजी मांडवकर गाडी चालवत होता. स्ट्रेचरवर मंजिरी, तिच्या उशाशी तिचे वडील. घाटाच्या उभ्या चढावर गाडीनं आचके दिले. जोर गेला. दिवा लागला. अनाजीनं तेजपालला फोन केला. गाडीत एक छोटा स्कॅनर तेजपालनंच ठेवून दिला होता. त्यानं फोनवरून सांगितलं, कोड पूस आणि परत सुरू कर.

अनाजीनं पुसला. गाडी सुरू झाली. पुढच्या वळणावर परत बसली.

शेवटी रघुनाथ गोताड मुलीला खांद्यावर टाकून चढ पळत सुटले. बऱ्याच वेळानं मागून दुधाचा टेम्पो आला, त्यानं दोघांना उचललं.

"आता कशी आहे पोर?"

"वाचली. काल घरी आणली. पाय अजून टेकत नाही."

"तू गेला होतास?"

"दारापर्यंत गेलो होतो."

मास्तरांनी धूपदाणी पुसून बाजूला ठेवली.

"आत नाही गेलास."

"...नाही."

वाऱ्यानं दर्ग्यावरची हिरवी चादर हलली. खाली वडाजवळ रुग्णगाडी उभी होती. अनाजी तिच्या सावलीत उकिडवा बसून बिडी ओढत होता.

"मास्तर, मी उभा जन्म या यंत्रावर विश्वास ठेवला. ते म्हणालं मिश्रण पातळ, मी ऑक्सिजन सेन्सर बदलला. चांगल्यातला चांगला घातला. आता उद्या कुठल्याही गाडीला वायर लावली तरी पडद्यावर मला भरवसा वाटणार नाही. म्हणून विचारतो. कोड खोटं बोलतो का?"

मास्तर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"चल. आपण तिलाच विचारू."

*

तेजपालनं आपला मोठा स्कॅनर आणला होता. डॅशबोर्डखाली वायर लावली. अनाजीनं चावी फिरवली. पडद्यावर अक्षरं आली.

"काय म्हणते?"

"कोड नाहीत."

"म्हणजे बिघाड नाही?"

"बिघाड आहे, मास्तर. सगळ्यांना माहीत आहे."

"मग ती गप्प का?"



 

"...मी पुसलं म्हणून."

"पुसलं तेव्हा काय गेलं?"

"कोड."

"आणखी?"

तेजपालनं पडद्याकडे बघितलं. त्याला उत्तर येत होतं. याच माणसानं त्याला ते फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. कोड पडतो त्या क्षणी गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाचं एक चित्र जपून ठेवतो. वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, त्याच्यावर भार किती होता, पेट्रोल किती चाललं होतं. सगळं. कोड पुसला की ते चित्रही जातं.

"त्या वेळची साक्ष गेली," तो म्हणाला.

"किती वेळा?"

"दर वेळी."

"तू वाचली होतीस?"

"...नाही. कोड दिसल्यावर पुढचं बघायची मला कधी गरजच पडली नाही."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मगाशी तू मला विचारलंस कोड खोटं बोलतो का."

"हो."

"कोडात पत्ता लिहिलेला असतो, तेजपाल. पण तो चोराचा नसतो."

"मग कुणाचा?"

"जो ओरडला त्याच्या घराचा."

तेजपालनं वायर काढून गुंडाळली.

"सकाळी वर जाऊ," मास्तर म्हणाले. "अनाजी, टाकी भरून आण. आणि तेजपाल, उद्या दिवा लागला तर कुणी बोट लावायचं नाही."

*

सकाळी घाटात धुकं होतं. अनाजी चालवायला बसला. मास्तरांनी मागच्या बाजूला एक पोतं ठेवलं. त्यात धूपदाणी, एक झाकणाचा डबा, रबरी नळी आणि सायकलचा पंप होता. मग त्यांनी मोठा स्कॅनर स्वतःच्या मांडीवर घेतला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"मी कुठं बसू?" तेजपालनं विचारलं.

मास्तरांनी मागं बोट दाखवलं.

मागं बसायला जागा नव्हती. तिथं फक्त स्ट्रेचर होतं.

"...मास्तर?"

"झोप त्याच्यावर. पट्टा बांध."

"अहो पण इंजिनाचा आवाज मला इथून..."

"पट्टा बांध."

तेजपाल झोपला. अनाजीनं मागं येऊन पट्टा आवळला. त्यानं एकदा तेजपालकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

गाडी निघाली.

स्ट्रेचरवरून रस्ता दिसत नव्हता. डॅशबोर्ड दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त छत, त्यावरचा एक गंजाचा डाग आणि खिडकीच्या वरच्या पट्टीतून सरकणारं पांढरं धुकं. तेजपाल या गाडीखाली कितीदा झोपला होता. आत कधीच झोपला नव्हता.

सपाटीवर गाडी छान चालली. इंजिन एका लयीत होतं. तो मनातल्या मनात म्हणाला, काही नाही हिला.

मग चढ लागला.

अनाजीनं गिअर टाकला. डोकं खाली आणि पाय वर झाल्यासारखं वाटलं. वळणावर सगळं अंग एका बाजूला ओढलं गेलं. इंजिनाचा आवाज जड झाला. आणखी एक वळण. आणखी एक.

आणि मग त्याला तो आचका बसला.

छातीत बसला. गाडी पुढं जायच्या ऐवजी क्षणभर लोंबकळल्यासारखी झाली. परत ओढली. परत लोंबकळली. खालून असा आवाज येत होता की कुणीतरी मोठा घास घ्यायला तोंड उघडावं आणि तोंडात काहीच येऊ नये.

तेजपालचे हात पट्ट्यावर गेले. पट्टा सुटेना. सुटला असता तरी काय करायचं होतं हे त्याला कळलं नसतं.

"इथंच," पुढून अनाजी म्हणाला. "इथंच, साहेब. इथंच ती बापाला म्हणाली होती..."

"काय म्हणाली होती?" तेजपाल ओरडला.

अनाजीनं खालचा गिअर टाकला.

"काय म्हणाली होती, अनाजी?"

"बाबा, गाडीला पण काहीतरी चावलंय."

तेजपालनं डोळे मिटून घेतले.

"दिवा लागला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज तसाच होता, शांत. "डावीकडं जागा आहे. घे. बंद करू नकोस अजून."

*

झऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली. तेजपाल खाली उतरला.  मास्तरांनी स्कॅनर त्याच्या हातात दिला.

"वाच."

"कोड तोच आहे. मिश्रण पातळ."

"त्याच्या खालचं वाच. मोठ्यानं."

तेजपालनं बटण दाबलं. एक पान उघडलं. आकड्यांचं. असली पानं त्यानं हजारदा ओलांडली होती.

"वेग... कमी. माणूस पळेल एवढाच."

"पुढं."

"इंजिन पुरतं तापलेलं. भार... मास्तर, भार जवळजवळ पूर्ण आहे."

"पुढं."

"पेट्रोल..." तो अडखळला.

"वाच ना."

"कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत होता. वाढवत होता, वाढवत होता. जेवढं वाढवता येतं तेवढं वाढवलं त्यानं. इथं शेवटची हद्द आलीय. मग त्यानं दिवा लावला."

झऱ्याचं पाणी दगडावर पडत होतं. 

तेजपालला मंजिरी आठवली. तिला त्यानं दारातून नुसती ओझरती बघितली होती. आणि ही गाडी आठवली, जी त्या दिवशीही असंच करत असणार. श्वास कोंडत असताना पेट्रोल वाढवत, चढ ओढत, आणि जेव्हा आपल्याच्यानं आता होत नाही असं तिला कळलं तेव्हाही ती नुसती थांबली नव्हती. आपण कुठं होतो, किती तापलो होतो, किती ओझं अंगावर होतं, सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. कुणीतरी येईल आणि वाचेल म्हणून.

आणि त्यानं फोनवरून सांगितलं होतं, पूस.

"मास्तर..."

"हं."

"सेन्सर काय करतो? धुराड्यातला वास घेतो आणि सांगतो, हवा जास्त आहे. बस्स. त्यानं खरं तेच सांगितलं होतं."

"हं."

"खरं सांगणाऱ्यालाच मी काढून फेकलं. आणि त्याच्या जागी नवा आणला, तोही तेच बोलला, म्हणून त्यालाही फेकलं."

मास्तर झऱ्याकडे बघत होते.

"हवा कुठून येते ते विचार आता," ते म्हणाले. "तिनं तुला सांगितलंय. चढावर. भार असताना. सपाटीवर नाही. तुझ्या गॅरेजात ती हवा कधीच दिसणार नव्हती."

"भार आला की काय बदलतं..." तेजपाल स्वतःशीच बोलत होता. "हवा तीच. नळ्या त्याच. भार आला की इंजिन..."

तो थांबला.

मग त्यानं दोन्ही हात पुढं धरले, मधोमध काहीतरी पकडल्यासारखे, आणि हळूच एका बाजूला कलते केले.

"इंजिन कलतं," तो म्हणाला. "जोर लावताना ते आपल्या जागेवर कलतं!"

मास्तरांच्या चेहऱ्यावर तंत्रशाळेतलं ते जुनं हसू आलं.

"पोतं काढ," ते म्हणाले.

*

इंजिन बंद करून थोडं निवू दिलं. तेजपालनं एअर फिल्टर काढला आणि हवा आत जायचं तोंड फडक्यानं घट्ट बांधलं. त्यातून फक्त रबरी नळी आत सोडली. नळीचं दुसरं टोक झाकणाच्या डब्यात, आणि झाकणाच्या भोकात सायकलचा पंप.

मास्तरांनी धूपदाणीत निखारे फुलवले. वर लोबान टाकला. पांढरा धूर उठला तसा त्यांनी धूपदाणी डब्यात उतरवली आणि झाकण लावलं.

"पंप मार. हळू. फुंकर घालावी तसा."

अनाजीनं पंप मारला. धूर नळीतून इंजिनाच्या श्वासनळीत शिरला. तिघंही बॉनेटखाली वाकले.

काही झालं नाही.

कुठूनही धूर आला नाही. इंजिनात हवा नेणारी रबराची जाड, घड्या असलेली नळी, तिच्यावरचे पट्टे, सगळं जिथल्या तिथं. तेजपालनं टॉर्च मारून बघितलं. धडधाकट.

"नाही मास्तर. इथून गळत नाही."

"जॅक घे."

तेजपालनं जॅक घेतला. इंजिनाच्या एका बाजूला खाली लाकडाचा ठोकळा लावला, त्याखाली जॅक. तो एकेक आटा फिरवू लागला. इंजिन बोटभर उचललं गेलं. चढावर ते ज्या बाजूला कलत असेल, तसंच.

"थांब," मास्तर म्हणाले. "आता बघ."

तेजपाल उठून वाकला.

आधी वास आला. दर्ग्यातला, गुरुवारच्या संध्याकाळचा. मग नळीच्या पोटाखालून, दोन घड्यांच्या मधून, जिथं माणसाची नजर जाऊच शकत नाही अशा जागेतून, धुराची एक रेघ वर आली.

दोऱ्याएवढी बारीक. पांढरी. सरळ.

ती वर चढली, बॉनेटच्या कडेला लागली आणि तिथून घाटाच्या धुक्यात मिसळून गेली. धूर कुठं संपला आणि धुकं कुठं सुरू झालं ते कळेना.

 अनाजीचा हात पंपावर तसाच राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

तेजपालनं जॅक एक आटा खाली घेतला. रेघ गेली. नळी परत धडधाकट.

आटा वर. रेघ आली.

खाली. गेली.

तो कितीतरी वेळ तेच करत राहिला. चाळीशीचा माणूस, गुडघ्यांना चिखल लागलेला, एका इंजिनाला असा श्वास घेताना बघत होता. जणू पहिल्यांदाच बघत होता. खरोखर पहिल्यांदाच बघत होता.

"कॉम्प्युटरला ही चीर दिसत नव्हती," तो म्हणाला.  "त्याला एवढंच कळत होतं की कुठून तरी हवा येतेय. तरी त्यानं... मास्तर, तरी त्यानं बरोब्बर ती जागा सांगितली. हे वळण. हा चढ."

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

*

इंजिनाला जागेवर धरून ठेवणारं खालचं एका बाजूचं रबर तुटलेलं निघालं. त्याच्यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर कलायचं आणि कलता कलता नळीच्या घडीतली चीर उघडायची. तेजपालनं शहरातून दोन्ही सामान मागवलं. पोरांना बोलावलं नाही. दर्ग्यासमोरच्या वडाखाली चटई टाकून स्वतः बसवलं.

तो आपल्या गॅरेजात परत गेला नाही. भाऊ बघतोय, म्हणाला.

काम झालं. इंजिन सुरू केलं. पिवळा दिवा तसाच होता.

सवयीनं त्याचा हात स्कॅनरकडे गेला. बिघाड दुरुस्त झाला की कोड पुसायचा, हे सगळेच करतात. त्यात चूक काही नाही.

मास्तर वडाच्या पारावर बसून बघत होते. 

तेजपालनं हात मागं घेतला.

"न पुसता किती वेळानं जाईल हो?" अनाजीनं विचारलं. "लोक घाबरतात दिवा बघून."

"तिला पटलं की जाईल," तेजपाल म्हणाला. मग त्यानं मास्तरांकडे बघितलं. "सपाटीवर पटणार नाही तिला. त्याच चढावर, तसंच तापून, तसाच भार घेऊन जावं लागेल. आणि तिथं काही झालं नाही, असं तिनं पुन्हा पुन्हा बघितलं पाहिजे. मग तीच विझवते."

"एवढं ठेवतं ते ध्यानात?"

"ठेवतं."

अनाजीनं डॅशबोर्डकडे जरा जपून बघितलं.

त्याच दुपारी फोन आला. कातळवाडीच्या एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. तेजपाल न विचारता मागं चढला. स्ट्रेचरच्या उशाशी, जिथं रघुनाथ गोताड बसले होते तिथं.

बाईची सासू बरोबर होती. तिची नजर पुढं गेली.

"अगो बाय, दिवा लागलाय. परत बंद पडेल का हो?"

"नाही मावशी."

"मग लागलाय कशाला?"

तेजपालनं जरा विचार केला.

"ती बघतेय," तो म्हणाला.

म्हातारीला काय समजलं कोण जाणे. तिनं पुढं होऊन डॅशबोर्डला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला.

चढ आला. झऱ्याच्या अलीकडचं ते वळण आलं.  गाडीनं जोर लावला, जड झाली, आणि एका लयीत ओढत वर गेली. त्यानं सुनेचा हात धरला होता की तिनं त्याचा, ते त्याला आठवत नाही. बाळ दवाखान्यात पोचल्यावर झालं. मुलगी.

परत येताना तो मध्येच उतरला आणि गोताडांच्या घरी गेला. आत गेला. रघुनाथांनी त्याच्याकडे बघितलं आणि पाट सरकवला. मंजिरी खाटेवर उशीला टेकून बसली होती. पायाला पट्ट्या होत्या.

"सापडलं काय चावलं होतं ते?" तिनं विचारलं.

तेजपालनं तिला सगळं सांगितलं. रबर, नळी, धुराची रेघ. ती डोळे विस्फारून ऐकत होती. धुराचं तिनं दोनदा सांगायला लावलं.

"आणि मी सांगितलं होतं ना अनाजीकाकांना," तो शेवटी म्हणाला, "की पुसा म्हणून... ते माझं चुकलं."

मंजिरीनं वडिलांकडे बघितलं.  रघुनाथ उठून आत गेले आणि चहा घेऊन आले.

*

पुढचे काही दिवस गाडी घाट चढत राहिली. कधी ताप, कधी हात मोडलेला, कधी नुसती म्हातारपणाची धाप. तेजपाल प्रत्येक खेपेला मागं बसला. दिवा तसाच जळत होता.

एका सकाळी दवाखान्याच्या आवारात पेशंटला उतरवून ते परत निघाले. अनाजीनं चावी फिरवली. नेहमीसारखे डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. इंजिन सुरू झालं. एकेक दिवा विझला.

पिवळाही विझला.

अनाजीनं स्टिअरिंगवरचे हात उचलले. जणू आपला धक्का लागून काही झालं.

"साहेब... मी काही केलं नाही."

तेजपाल पुढं वाकून बघत होता. काळी, रिकामी जागा. कुणी हात लावला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं. लोखंड आणि तारा, आणि आत कुठंतरी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी, ते या घाटात पुन्हा पुन्हा जाऊन आलं होतं आणि आज त्याचं त्यालाच पटलं होतं.



घाट उतरल्यावर तेजपालनं स्कॅनरची वायर लावली.

दर्ग्यात इलाही मास्तर निखाऱ्यांवर लोबान टाकत होते. तेजपाल स्कॅनर हातात घेऊन पायरीशी उभा राहिला. त्याला पळत येऊन सांगायचं होतं, पण आल्यावर त्याला हळूच सांगावंसं वाटलं.

"मास्तर... दिवा गेला."

मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली.

"आपला आपण गेला," तेजपाल म्हणाला.

"हं."

"मी वायर लावून बघितलं. दिवा गेलाय, पण कोड अजून आत आहे. जुना म्हणून ठेवलाय तिनं. त्या वळणाचं सगळं चित्रही आहे." त्यानं स्कॅनर पुढं धरला. "आता तर सगळं नीट झालं. आता पुसून टाकू का?"

धूर वर चढत होता. मास्तरांनी आणखी चिमूटभर लोबान टाकला.

"राहू दे," ते म्हणाले. "त्या वळणाची आठवण आहे ती. अजून थोडे दिवस तिला घाबरू दे."